रिकाम्या न्यूयॉर्कमधलं जेवणाचं टेबल

मागच्या व्याख्यानानंतर आपल्यापैकी एकांनी विचारलं होतं, की जुन्या विज्ञानपटांत कृष्णवर्णीय माणसं किती दिसतात हे मोजून हाती काय लागतं? थोडं लागतं. १९५१च्या 'व्हेन वर्ल्ड्स कोलाइड'मध्ये पृथ्वी नष्ट होणार म्हणून मोजक्या माणसांना यानातून दुसऱ्या ग्रहावर पाठवतात. जागा चिठ्ठ्या टाकून ठरतात, आणि यानात बसतात ती सगळी गोरी! चिठ्ठ्या निःपक्षपाती असतील हो, पण नावं कुणाची घालायची हे आधीच ठरलेलं होतं.

पण मोजणी फार पुढे नेत नाही. त्याच वर्षीच्या 'फाइव्ह'मध्ये अणुयुद्धातून वाचलेल्या पाचांत चार्ल्स हा कृष्णवर्णीय आहे. म्हणजे पाचात एक, प्रमाण उत्तम. पण त्याच्या रंगाचा तिटकारा असलेला एरिक त्याचा खून करतो आणि शेवटी उरतं गोरं जोडपं. उपस्थिती आहे, उद्याच्या जगात जागा नाही.

आता १९५९चा 'द वर्ल्ड, द फ्लेश अँड द डेव्हिल' बघा. हॅरी बेलाफॉन्टे यात नायक आहे, आणि त्याची स्वतःची निर्मितीसंस्थाही चित्रपटामागे होती. खाणीत अडकलेला राल्फ बाहेर येतो तर जग संपलेलं. ओस पडलेल्या न्यूयॉर्कमध्ये त्याला सारा नावाची गोरी मुलगी भेटते. पोलीस नाहीत, कायदा नाही, शेजारीपाजारी नाहीत. तरी तो वेगळ्या इमारतीत राहतो. तिच्या वाढदिवसाला तो थाटाने टेबल मांडतो, वाढतो, आणि ती शेजारी बस म्हणते तेव्हा वेटरच्या आवाजात सांगतो, की नोकरांना गिऱ्हाइकांबरोबर बसायची परवानगी नाही.

कुणाची परवानगी? देणारे सगळे मेलेत! आपण नियम म्हणजे बाहेरून लादलेलं काहीतरी समजतो. इथे लादणारा गेला तरी नियम शाबूत आहे, आणि तो पाळणारा ज्याला त्याचा जाच झाला तोच आहे. अर्थात राल्फ भोळेपणाने पाळत नाही, त्यात डंख आहे. साराच्या तोंडून आधी आपल्या गोरेपणाचा सहज उल्लेख निघून गेलेला असतो. ती विसरते, तो विसरू शकत नाही.

मग तिसरा येतो, गोरा पुरुष. दोघे बंदुका घेऊन रिकाम्या रस्त्यांवर एकमेकांचा माग काढतात. अखेर राल्फ शस्त्र टाकतो, तिघे हातात हात घालून निघतात आणि पडद्यावर 'समाप्त'ऐवजी 'आरंभ' अशी पाटी येते. आम्हाला ही पाटी पळवाट वाटते. सारा कुणाची, हे चित्रपट बोलतच नाही. हॉलीवूडच्या आचारसंहितेतली मिश्रवर्णीय प्रेमावरची बंदी १९५६मध्ये उठली होती, पण अनेक राज्यांत असे विवाह गुन्हाच होते. ते कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले. तेव्हा निर्मात्यांची भीती समजते, पण राल्फसारखीच तीही रिकाम्या शहरात हजर आहे, एवढं नोंदवून ठेवू.

पुढच्या वेळी पूर्व जर्मनी आणि पोलंड यांनी मिळून केलेला १९६०चा शुक्रमोहिमेचा चित्रपट घेऊ. त्या यानात जपानी, चिनी, आफ्रिकी असे सगळे आहेत. एक भारतीय गणितज्ञही आहे. त्याचं काम मात्र एका जर्मन नटाने केलं आहे. चित्रपट बघून या.