चार तासांचे लग्न एका तबकडीत

घरातल्या कपाटाचा वरचा कप्पा एकदा उघडून पाहा. फोटोंच्या आल्बमशेजारी कागदी पाकिटात ठेवलेली एखादी चकचकीत तबकडी बहुधा सापडेल. तिच्यावर शाईच्या जाड अक्षरांत लिहिलेले असेल : ‘ताईचे लग्न’ किंवा ‘काकाचे लग्न’. २००० नंतरच्या काही वर्षांत कितीतरी घरांतले समारंभ असे डीव्हीडीवर गेले. आता त्या तबकड्या लावण्याची यंत्रे पुष्कळ घरांतून निघून गेली आहेत, पण एखाद्या आजोबांच्या टीव्हीखाली ते यंत्र अजून असते आणि त्यांना नातवाचे लग्न तबकडीवरच पाहायचे असते. अशा वेळी घरातले सगळे तुमच्याकडे पाहतात. चित्रण चार तासांचे, तबकडी एक. चित्र न बिघडवता ते तिच्यात बसेल का?

आधी थोडे गणित करू. साध्या, एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट माहिती मावते. (हीच तबकडी संगणक ४.३८ ची दाखवतो. तबकडी लहान झालेली नसते, संगणक हजाराऐवजी १०२४ च्या पटीत मोजतो, एवढेच.) एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे ३७.६ अब्ज बिट झाले. आकडा मोठा वाटतो ना? आता चित्राकडे पाहा. आपल्याकडच्या टीव्हीसाठी केलेल्या डीव्हीडीत प्रत्येक चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदूंचे असते. म्हणजे ४,१४,७२० बिंदू. प्रत्येक बिंदूचा रंग लिहायला २४ बिट धरले, तर एका चित्राला जवळजवळ १ कोटी बिट लागतात. आणि सेकंदाला अशी २५ चित्रे! भागाकार केलात तर दिसेल की आपली तबकडी अवघ्या अडीच मिनिटांत भरते. अडीच मिनिटांत मंगलाष्टकेसुद्धा पुरी होणार नाहीत.

तरीही डीव्हीडीवर दोन तासांचा चित्रपट उत्तम दिसतो, कारण माहितीतले बरेचसे ओझे डोळ्यांना न कळता उतरवता येते. पहिली युक्ती आपल्या डोळ्यांच्या उणिवेवर आधारलेली आहे. उजेड-अंधारातला बारीक फरक डोळ्याला चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून उजळपणा प्रत्येक बिंदूचा लिहितात, पण रंग मात्र चार बिंदूंत मिळून एकदाच लिहितात. एवढ्यानेच बिट निम्मे होतात.

दुसरी युक्ती अधिक सुंदर आहे. चित्राचे ८ × ८ बिंदूंचे छोटे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे वेगळ्या रीतीने मांडतात. चौकोन एकंदरीत किती उजळ, डावीकडून उजवीकडे उजेड कसा बदलतो, मग त्याहून बारीक चढउतार, मग आणखी बारीक. शालूच्या सपाट भागात बारीक चढउतार जवळजवळ नसतातच, तिथे ६४ पैकी बहुतेक आकडे शून्याजवळ येतात. ते शून्य धरून टाकले की लिहायचे काम हलके होते. या गणिती पद्धतीची कल्पना बंगळूरमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले अभियंते नासिर अहमद यांची. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी तिच्यावरचा शोधनिबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. आज मोबाइलने काढलेल्या नेहमीच्या जेपेग छायाचित्रांतही तीच पद्धत काम करते.

तिसरी युक्ती तुम्हाला स्वतःलाही सुचली असती. लागोपाठच्या दोन चित्रांत फरक तो किती? मांडव तोच, पाट तोच, भटजी तेच. मग दर वेळी सगळे चित्र नव्याने कशाला लिहायचे? साधारण १२ ते १५ चित्रांतून एक चित्र पुरते लिहितात. बाकीच्यांसाठी ‘मागच्या चित्रातला हा चौकोन इतका उजवीकडे सरकला’ अशा सूचना देतात आणि उरलेला फरक तेवढा नोंदतात.

आता आपण लग्नाच्या मांडवात जाऊ. अंतरपाट धरलेला आहे, वधूवर दोन्ही बाजूंना स्तब्ध उभे आहेत, भटजी मंगलाष्टक म्हणत आहेत. चित्रात हलते आहे ते फार थोडे, त्यामुळे मोजक्या बिटांत काम भागते. इतक्यात ‘सावधान’ येते आणि चारही बाजूंनी अक्षता पडू लागतात. संगणकाला याहून कठीण चित्र क्वचितच मिळत असेल! एकाच चौकोनात दहा दाणे दहा दिशांना चाललेले. पुढच्या चित्रात त्यातले निम्मे बाहेर गेलेले आणि नवे आत आलेले. ‘हा चौकोन तिकडे सरकला’ ही सूचना इथे फुकट जाते. शिवाय दाणे बारीक आणि रेखीव असल्यामुळे जे बारीक चढउतार आपण शून्य धरणार होतो, तेच नेमके महत्त्वाचे ठरतात. पुरेसे बिट मिळाले नाहीत तर संगणक ते पुसून टाकतो, आणि पडद्यावर वधूवरांच्या चेहऱ्यांसकट सगळे चित्र चौकोनी फरशांसारखे दिसू लागते. मी पाहिलेल्या एका तबकडीत जेवणाची पंगत स्वच्छ होती, आणि ज्या क्षणासाठी सारा खटाटोप केला, तो क्षणच नेमका फुटला होता.

हे टाळायचे कसे? परीक्षेत तुम्ही काय करता ते आठवा. प्रश्नपत्रिका हातात येताच पहिल्या प्रश्नाला हात घालत नाही. आधी सगळी वाचता, कोणता प्रश्न किती वेळ खाईल याचा अंदाज घेता आणि मग वेळ वाटून देता. डीव्हीडीसाठी चित्रण तयार करणाऱ्या चांगल्या संगणक-प्रणालींत ‘दोन फेऱ्यांची’ सोय असते, ती अगदी अशीच. पहिल्या फेरीत प्रणाली सबंध लग्न नुसते पाहते आणि कुठे किती कठीण आहे ते टिपून ठेवते. दुसऱ्या फेरीत अंतरपाटाच्या दृश्यातून वाचवलेले बिट अक्षतांना देते. वेळ दुप्पट लागतो, पण माझ्या मते लांबलचक चित्रणासाठी ही फेरी कधीही चुकवू नये.

आता आपल्या लग्नाचे अंदाजपत्रक मांडू. चार तास म्हणजे १४,४०० सेकंद. ३७.६ अब्ज बिट त्यांत वाटले तर सेकंदाला सुमारे २६ लाख बिट वाट्याला येतात. यातूनच आवाजही भागवायचा आहे, आणि इथे एक मोठी गळती लपलेली असते. आवाज जसाच्या तसा ठेवला, तर सेकंदाला ४८,००० नोंदी, प्रत्येक १६ बिटांची आणि तीही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची, म्हणजे १५ लाख ३६ हजार बिट होतात. पाचातले जवळजवळ तीन हिस्से सनई-चौघड्यातच गेले! तोच आवाज डॉल्बी डिजिटल पद्धतीने १ लाख ९२ हजार बिटांत बसवता येतो, आणि घरगुती ध्वनिमुद्रणात सहसा कोणाला फरक जाणवत नाही. चित्राला हात लावण्याआधी हे करावे. एवढ्याने चित्राला सेकंदाला २४ लाखांच्या आसपास बिट उरतात. थोडी जागा सूचीसाठी राखून ठेवावी लागते, म्हणून २३ लाखच धरा.

पण २३ लाख पुरतात का? स्पष्टच सांगायचे तर पुऱ्या आकाराच्या चित्राला पुरत नाहीत. डीव्हीडीत चित्राला सेकंदाला ९८ लाखांपर्यंत बिट देता येतात, आणि ५० लाखांच्या आसपास सरासरी असली की समारंभाचे चित्रण समाधानकारक दिसते. मग एक मार्ग असा की चित्राची रुंदी निम्मी, म्हणजे ३५२ बिंदू करावी. डीव्हीडीच्या नियमांत ती बसते. चित्र थोडे मऊ दिसते, पण फुटत नाही. दुसरा मार्ग दोन थरांच्या तबकडीचा. तिच्यात सुमारे ८.५ अब्ज बाइट मावतात आणि सेकंदाला ४७ लाख बिट मिळतात, पण काही जुनी यंत्रे ती नीट वाचत नाहीत. मला विचाराल तर सरळ दोन तबकड्या कराव्यात. पहिली लग्न लागेपर्यंत, दुसरी त्यानंतरची. एकाच तबकडीचा हट्ट पुष्कळदा पाकिटावर दोन नावे लिहायचा कंटाळा म्हणूनच असतो.

‘कंटाळवाणा भाग कापून टाका की!’ असे कोणी म्हणेल. आहेर देणाऱ्यांची ती तासभराची रांग कोण पाहतो? पण कात्री लावण्यापूर्वी आजीला विचारा. त्या रांगेत हळूच पुढे येऊन वाकलेले एखादे आजोबा आज हयात नसतील, आणि त्यांचे हलते-बोलते चित्र कदाचित तेवढेच असेल.

म्हणूनच मूळ कॅसेट कधीही पुसू नये. छोट्या डीव्ही कॅसेटवर चित्राला सेकंदाला अडीच कोटी बिट दिलेले असतात, आपल्या तबकडीच्या दहापट. तबकडी झाली म्हणून पुष्कळांनी कॅसेटवर दुसरे काही चित्रित केले आणि दहातले नऊ हिस्से कायमचे घालवले. तबकडीवरून पुन्हा तबकडीसाठी चित्रण दाबले तर आणखी तोटा होतो. का, ते वहीत करून पाहा. ३.४६ हा आकडा पूर्णांकात लिहिला तर ३ होतो. तोच आधी एका दशांश स्थळापर्यंत ३.५ असा लिहिला आणि मग पूर्णांक केला, तर ४ होतो. प्रत्येक वेळच्या दाबण्यात अशी लाखो आकड्यांची काटछाट होते. कॅसेटची पुरी नकल संगणकात घेऊन ठेवायला तासाला सुमारे १३ अब्ज बाइट लागतात, आणि आजच्या हार्ड डिस्कला ते जड नाही.

आता घरातली तबकडी संगणकात घाला. त्यातल्या ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या कप्प्यातील फायलींच्या आकारांची बेरीज बाइटमध्ये करा, आठने गुणा आणि एकूण सेकंदांनी भागा. आलेला आकडा वहीत लिहा. मग चित्रण सुरू करून ‘सावधान’ येताच थांबवा, आणि वधूवरांच्या कपाळाजवळ अक्षतांचे दाणे सुटे मोजता येतात का ते पाहा.