बटण चालू केलंस का?

तुमच्या लॅपटॉपमध्ये आत्ता किती टक्के चार्जिंग उरलंय? उजव्या कोपऱ्यात बघून सांगायचं नाही हं, ती चीटिंग झाली! माझ्या लॅपटॉपला तर बघायला कोपराच नाही. आयकॉन नाहीत, स्टार्ट बटण नाही, घड्याळ नाही, वॉलपेपरवर मनालीचे डोंगर नाहीत. एक करडा स्क्रीन आणि त्यावर जे काम चाललंय तेवढंच. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘बिघडलाय का रे?’

बिघडलेला नाही. ‘मिनिमल सेटअप’ म्हणतात त्याला. आणि माझ्याकडे तो कुठल्या फंड्यातून नाही, चक्क कडकीतून आला. जानेवारी २०२४ मध्ये नोकरी गेली. कंपनीचा लॅपटॉप त्याच दुपारी परत करावा लागला. घरात उरला तो कॉलेजच्या दिवसांतला, ४ जीबी रॅमचा म्हातारा. तो सुरू होईस्तोवर चहा करून, पिऊन, कप विसळूनही व्हायचा. मग एका मित्राने त्यावर लिनक्स टाकलं आणि वर आय-थ्री नावाचा विंडो मॅनेजर. मायकेल स्टापेलबर्ग या प्रोग्रामरने तो २००९ मध्ये आणला. माऊसला फारसा हात लावायचा नाही, खिडक्या आपोआप शेजारी शेजारी मांडल्या जातात, आणि सगळं की-बोर्डवरून. (डीडब्ल्यूएम नावाचा याचा एक भाऊबंद आहे. तो इतका काटकसरी की सोर्स कोड २००० ओळींच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, हा त्याच्या कर्त्यांचा नियमच!) म्हातारा तुरुतुरु धावायला लागला. मी फुल टू खूश. खालची एक बारीक पट्टी तेवढी होती, तारीख-वेळ-बॅटरी दाखवणारी. तीही मी लपवून टाकली. म्हटलं, कशाला हवाय तो पसारा?

मार्चमध्ये एका कंपनीची तिसरी फेरी व्हिडिओ कॉलवर होती. कोथरूडच्या फ्लॅटचं अर्धं भाडं मी देतो आणि साठवलेले पैसे कुठपर्यंत पुरतील ते मला तोंडपाठ होतं, त्यामुळे हा इंटरव्ह्यू म्हणजे नुसता इंटरव्ह्यू नव्हता. रूममेट नाइट शिफ्ट करून पलीकडच्या खोलीत झोपलेला. लॅपटॉपचा आवाज बंद, कानात हेडफोन, अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा. चार्जर लावलेला. अकरा वाजता सुरू झालं आणि मस्त रंगलं होतं. साडेअकराच्या सुमाराला पॅनेलमधल्या बाईंनी विचारलं, ‘आमच्याकडेच का यावंसं वाटतं?’ याचं उत्तर मी तीन दिवस घोटलं होतं. दोन वाक्यं झाली, तिसऱ्याच्या मध्यावर स्क्रीन काळा. त्यात माझाच चेहरा दिसत होता, आणि मी अजून बोलतच होतो.

चार्जरची पिन जागेवर होती. बोर्डाचं बटण बंद होतं. सकाळी केर काढताना मीच बंद केलेलं.

मोबाइलवर मेल उघडून, लिंक शोधून, अॅप टाकून आत शिरेपर्यंत कॉल संपलेला. दुसऱ्या दिवशी ‘कळवतो’ असा गोड मेल. त्यांनी काही कळवलं नाही. संध्याकाळी आईला फोन केला, तर सगळं ऐकून घेऊन तिचा पहिला प्रश्न काय? ‘बटण चालू केलं होतंस का?’

आता गंमत बघा. विंडोज असो की उबुंटू, बॅटरी उतरली की ही मंडळी आधी बजावतात आणि अगदीच तळाला गेली की मशीन स्वतःहून झोपवतात. आपण वैतागून तो डबा बंद करतो, पण तो येतो. नुसता विंडो मॅनेजर हे काही करत नाही. खिडक्या मांडणं एवढंच त्याचं काम. बाकीचे नोकर मी स्वतःच काढून टाकले होते, त्यात रात्रीचा वॉचमनही गेला.

मग स्वतःच बसलो करायला. लिनक्समध्ये बॅटरीची कुंडली साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये लिहिलेली असते. एका फाइलीत शंभरपैकी किती उरलं तो आकडा, दुसरीत बॅटरी भरतेय की उतरतेय ते. आकडा वाचायचा, उतरत असेल आणि २० च्या खाली असेल तर ‘नोटिफाय-सेंड’ या कमांडने स्क्रीनवर चौकट दाखवायची. ती चौकट रंगवायला ‘डन्स्ट’ नावाचा छोटासा प्रोग्राम. सात-आठ ओळींचं काम, दर दोन मिनिटांनी चालवायचं. सॉलिड!

पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही. क्रॉन नावाचा जो गडी ठरल्या वेळी कामं करतो त्याच्यावर मी हे सोपवलं होतं. तो वक्तशीर आहे, पण तुमचा स्क्रीन कुठला आणि निरोप कोणाच्या दारात टाकायचा हे त्याला ठाऊक नसतं. बिचारा दर दोन मिनिटांनी शून्यात ओरडत होता. मग तेच काम सिस्टमडीच्या युजर टायमरला दिलं, तो माझ्याच लॉगिनच्या आत चालतो. दुसऱ्या दिवशी चौकट आली. दोन मिनिटांनी पुन्हा आली. पुन्हा. चौथ्या वेळी मी न वाचताच ती उडवली, आणि लक्षात आलं की हे आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसारखं झालंय.

चौकटीचा आणखी एक त्रास म्हणजे पूर्ण स्क्रीन शेअर करत असलात तर ती समोरच्यालाही दिसते. म्हणून चौकट एकदाच ठेवली आणि १० टक्क्यांना वेगळी युक्ती केली, स्क्रीनचा गॅमा बदलून सगळंच लालसर करायचं. एप्रिलमध्ये एका फ्रीलान्स क्लायंटला डेमो देताना स्क्रीन अचानक कुंकवासारखा झाला. मी ततपप. क्लायंट शांत. नंतर कळलं, गॅमा चित्र स्क्रीनवर पाठवताना शेवटच्या टप्प्यावर लागतो, शेअर होणाऱ्या चित्रात तो येतच नाही. म्हणजे लाली फक्त मलाच दिसत होती. एवढी खासगी वॉर्निंग! मी गुपचूप पायानेच बोर्डाचं बटण दाबलं.

तरी म्हातारा एकदा १४ टक्क्यांवरून थेट बंद पडला. तेव्हा कुंडली नीट वाचली. बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आत्ता पूर्ण भरल्यावरची क्षमता, दोन्ही आकडे तिथेच असतात. माझी ४८ वॉट-अवरची बॅटरी २९ वर आली होती. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रेझिस्टन्स वाढतो. व्हिडिओ कॉलसारखा भार पडला की व्होल्टेज एकदम खाली बसतं, मग टक्के काहीही सांगोत. म्हणून २० आणि १० हे आकडे नव्या बॅटरीचे. मी ते ३५ आणि २५ केले, आणि १८ ला सरळ हायबरनेट. उघडं असलेलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद.

हे सगळं झाल्यावर एका रात्री भांडी घासताना डोक्यात आलं की मार्चमध्ये माझा प्रॉब्लेम २० टक्के हा नव्हताच. चार्जर लावलाय असं मी धरून चाललो होतो आणि तो लागलेला नव्हता. अकराला पाच कमी असताना, बॅटरी चांगली निम्मी असताना, कोणी एवढंच सांगितलं असतं तर? कमी बॅटरीची वॉर्निंग येते तेव्हा आपण आधीच घाईत असतो. ‘तू आत्ता बॅटरीवर आहेस’ हे पहिल्याच मिनिटाला कळलं तर फक्त वाकून बटण दाबायचं असतं.

ते तर त्याहून सोपं निघालं. लपवलेली पट्टी परत आणली, पण तारीख-वेळ सगळं काढून. काळी, करंगळीच्या नखापेक्षा बारीक. चार्जर चालू असेल तेव्हा तिच्यात काहीच नसतं. वीज तुटली की केशरी होते आणि टक्के लिहिते. आवाज नाही, चौकट नाही, रूममेटची झोप शाबूत.

जूनमध्ये नोकरी लागली. तिथला इंटरव्ह्यू व्हिडिओवरच होता आणि दहाला कॉल, तर पावणेदहाला पट्टी केशरी झाली! या वेळी बटण चालू होतं, पिनच सैल होती. नव्या ऑफिसने मोठा झकपक लॅपटॉप दिलाय, कोपऱ्यात दहा आयकॉन. घरचं लिखाण मात्र म्हाताऱ्यावरच. रूममेटनेही मागच्या महिन्यात ती पट्टी मागून घेतली. त्याला हिरवी हवी होती. म्हटलं, अरे हिरवी बघून कोण उठेल?

हा लेख लिहिताना आत्ताच पट्टी केशरी झाली. बटण बघितलं, चालू आहे. पिन घट्ट. मग पंखाही थांबलाय हे लक्षात आलं. गुरुवार आहे ना, गेली लाईट! ६४ टक्के. एवढ्यात लेख मेल करून टाकतो.