कपाटामागची भिंत
वाळवीची पाहणी घरच्या घरी कशी करावी?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजान ईद आठ दिवसांवर आली होती आणि कोरेगावच्या आमच्या घरात रंगकाम निघालं होतं. रंगारी म्हणाला, "ते कपाट पुढं ओढा, मागची भिंत राहायला नको." कपाट आमच्या अब्बांच्या पुस्तकांचं. अब्बांच्या इंतकालाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. आम्ही कपाट ओढलं आणि त्याची पाठ हातातच आली.

भिंतीवर जमिनीपासून वरपर्यंत मातीची बोटभर जाड रेघ होती. आत उर्दू पुस्तकांचे पुठ्ठे जागच्या जागी उभे होते. पानांची मात्र माती झाली होती. खालच्या कप्प्यात घराचं खरेदीखत आणि अब्बांच्या हातची वही होती. घराण्यात कोण कधी जन्मलं, कुणाचा निकाह कुठं झाला, मेहर किती ठरला, हे सगळं त्यांनी त्या वहीत लिहून ठेवलं होतं. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळाली. वहीची नक्कल कुठं मागणार? अम्मी एवढंच म्हणाली, "अकरा वर्षांत त्या कपाटाला कुणी हात तरी लावला का?"

खरं होतं. वाळवीला अंधार, ओल आणि शांतता लागते. ज्या कोपऱ्यात आपला हात जात नाही, तिथं तिचं बरं चालतं.

सूरह सबामध्ये हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या काठीचा उल्लेख आहे. ते काठीला टेकलेले असतानाच त्यांना मृत्यू आला. जिन्न मात्र ते जिवंत आहेत असं समजून राबत राहिले. जमिनीतल्या किड्यानं काठी खाल्ली, ती मोडली, तेव्हा खरं कळलं. मुलांना हा किस्सा आम्ही कितीदा सांगितला असेल! पण आपल्याच घरातलं लाकूड नुसतं दिसायला उभं असेल, हे कधी मनात आलं नाही.

कोरेगावात वाळवी?

आपल्याला वाटतं, वाळवी म्हणजे कोकणातला त्रास. कोरेगाव साताऱ्याच्या पूर्वेला, कमी पावसाच्या बाजूला. पण पावसाळ्यात जमीन ओली राहते, मोरीची ओल बारा महिने असते आणि जुनी घरं दगड-मातीची, लाकडी तुळयांची. आपल्या भागातली वाळवी जमिनीखाली वारूळ करून राहते. तिचं अंग नाजूक असतं, उघड्या हवेत ते सुकतं. म्हणून ती मातीची झाकलेली नळी बांधत भिंतीवरून लाकडापर्यंत येते. लाकडाचा वरचा पापुद्रा तसाच ठेवून आतून खाते. सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, पण सागाचाच बाहेरचा फिकट भाग तिला चालतो. तेव्हा 'आमची चौकट सागाची आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

पाहणी कधी आणि कशी?

आम्ही आता वर्षातून दोनदा पाहणी करतो: जूनच्या पहिल्या पावसानंतर आणि पावसाळा सरल्यावर. बॅटरी, पेचकस आणि पेन्सिल एवढंच सामान लागतं. मुलांना बरोबर घ्यावं, त्यांची नजर तीक्ष्ण असते.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात. ते बाहेरून आले तर घाबरायचं कारण नाही. पण घरातल्याच भिंतीच्या किंवा फरशीच्या फटीतून निघत असतील, तर वारूळ घराखाली किंवा अगदी जवळ आहे असं समजावं. खिडकीत गळून पडलेले पंखही पाहावेत. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि कंबर बारीक असते.

नंतर ओलीच्या जागा पाहाव्यात: घुसलखान्याची भिंत, स्वयंपाकाच्या ओट्याखालची जागा, गळका नळ, छत ठिबकतं तिथली तुळई. दाराच्या चौकटीवर, विशेषतः जमिनीजवळ, पेचकसच्या मुठीनं ठोकावं. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा पोकळ. शंका आली तर टोक दाबून पाहावं.

मातीची नळी दिसली तर सगळी पुसून टाकू नये. दोन बोटं भाग मोडावा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहावी. चार-पाच दिवसांनी तो भाग पुन्हा बांधलेला दिसला, तर वाळवीची ये-जा चालू आहे. बांधला नाही तरी लगेच समाधान मानू नये. तिनं दुसरी वाट धरलेली असू शकते.

लाकडाला बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी असेल, तर तो लाकूड पोखरणारा भुंगा; त्याचा इलाज वेगळा. समुद्रकाठच्या दमट हवेत कोरड्या लाकडातच राहणारी वाळवीही असते. तिला मातीची नळी लागत नाही. लाकडाखाली खसखशीसारखे दाणे पडतात. कोकणात ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांनी हे जरूर कळवावं.

घराबाहेरही एक फेरी मारावी. भिंतीला टेकवलेला सरपण किंवा कडबा, बांधकामानंतर मातीत राहिलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या, तोडलेल्या झाडाचा बुंधा म्हणजे वाळवीला आमंत्रणच.

औषध मारायचं तर

आम्हीही आधी रॉकेल ओतून पाहिलं. त्यानं समोरची वाळवी मरते. दिवसाला हजारो अंडी घालणारी राणी जमिनीखाली सुखरूप राहते. पक्क्या इलाजाची पद्धत भारतीय मानक ६३१३ मध्ये दिलेली आहे. राहत्या घरात भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण सोडतात आणि भोकं बुजवतात. नवं घर बांधताना फरशीच्या आधी खालच्या मातीवर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण देतात. तेव्हा केलेला खर्च पुढं पुष्कळ वाचवतो.

हे काम करणाऱ्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना आहे का, ते विचारावं. औषधाचं नाव आणि हमीची मुदत बिलावर लिहून घ्यावी. आवारात विहीर, आड किंवा बोअर असेल तर आधीच सांगावं. ही औषधं विषारी असतात, पाण्यात उतरता कामा नयेत. फवारणीच्या वेळी लहान मुलं, गरोदर बाई आणि वयस्कर माणसांना दुसरीकडे ठेवावं.

आमच्या घरात आता

पुस्तकांचं नवं कपाट लोखंडी आहे आणि भिंतीपासून वीतभर पुढं आहे. कागदपत्रं वरच्या कप्प्यात, त्यांचे फोटो तिघांच्या मोबाइलमध्ये. दर महिन्याला एकदा पुस्तकं काढून झटकतो. त्या निमित्तानं मुलं अब्बांच्या उरलेल्या पुस्तकांतलं एखादं पान वाचतात, अडलं की आम्हाला विचारतात.

आणि नवी वही सुरू केली आहे. अम्मी आठवून सांगते, मोठी मुलगी लिहून घेते. काही तारखा अम्मीलाही आठवत नाहीत. तिथं रिकाम्या ओळी सोडल्या आहेत. तुमच्या घरात अशी वही असेल, तर आजच बाहेर काढून पाहा. आणि ते कपाट एकदा पुढं ओढा.