काळी यादी आणि निरपराध पत्र

नकोशा ई-मेलचा, म्हणजेच स्पॅमचा, उपद्रव जुनाच आहे. ३ मे १९७८ रोजीं अमेरिकेंतील अर्पानेट या जाळ्यावरून एका विक्री-अधिकाऱ्यानें सुमारें ४०० जणांना एकच जाहिरात धाडली. तीच या प्रकाराचा आद्य नमुना समजली जाते. पुढें अशा पत्रांचा पूर लोटला, आणि १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी प्रभृतींनीं त्रासदायक सर्व्हरांची काळी यादी सुरू केली.

या यादीची रीत सोपी आहे. एखादा सर्व्हर पत्र घेऊन दाराशीं आला, कीं घेणारा सर्व्हर त्याचा अंकी पत्ता यादीस विचारतो. पत्ता नोंदलेला असेल तर ठराविक खुणेचें उत्तर येतें. म्हणजे यादी पत्र वाचीत नाहीं. तें कोणत्या घरून आलें एवढेंच ती पाहते. एकाच सर्व्हरवर शेंकडों ग्राहक नांदत असले व त्यांतला एक दुर्वर्तनी निघाला, तर सुक्याबरोबर ओलेंही जळतें.

येथेंच खरा धोका आहे. एक जाहिरात चुकून आंत शिरली तर क्षणभराचा वैताग होतो. परंतु नेमणुकीचें पत्र किंवा रुग्णाचा तपासणी-अहवाल नाहींसा झाला, तर होणारी हानि भरून निघत नाहीं. शिवाय पत्र नाहींसें झालें हें कोणासच कळत नाहीं.

म्हणून जाणते व्यवस्थापक एकाच यादीच्या साक्षीवर शिक्षा देत नाहींत. स्पॅमअसॅसिन या प्रणालींत प्रत्येक पुराव्यास गुण असतात. मूळ योजनेप्रमाणें बेरीज ५ झाली, तरच पत्र स्पॅम ठरतें. दुसरी दक्षता अशी, कीं पत्र गुपचूप नष्ट न करितां दारांतच नाकारावें. म्हणजे पाठविणाऱ्यास तसें कळतें व तो दुसरा मार्ग शोधूं शकतो. संशयित पत्रें वेगळ्या कप्प्यांत ठेवावीं आणि परिचित सर्व्हरांची पांढरी यादीही बाळगावी.

यादीवरही पहारा हवा. ऑगस्ट २००३ मध्यें ओसिरुसॉफ्टची यादी बंद पडतांना तिनें जगांतील प्रत्येक पत्ता दोषी ठरविला. डिसेंबर २००६ मध्यें बंद झालेल्या ओआरडीबी या यादीनेंही मार्च २००८ मध्यें तसेंच केलें. जे तोंवर तिला विचारीत राहिले होते, त्यांचीं चांगलीं पत्रेंही अडलीं. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ५७८२ या लेखांत यावर कसोटी सांगितली आहे: १२७.०.०.२ हा पत्ता यादींत नेहमीं असावा, १२७.०.०.१ कधींही नसावा. हा दुसरा पत्ता दोषी दिसूं लागला, कीं त्या यादीचा आधार तत्काळ सोडावा.

गृहस्थाचें कर्तव्य याहून सोपें आहे. अधूनमधून स्पॅमचा कप्पा उघडावा, आणि अडकलेलें चांगलें पत्र ‘स्पॅम नाहीं’ अशी खूण करून सोडवावें. चोरास अडविणें हें पहारेकऱ्याचें काम खरें. पण पाहुण्यास ओळखणें हेंही त्याचेंच काम आहे.