पाण्यातल्या दोन बाभळी

विंचूरच्या नैर्ऋत्येला, निफाड तालुक्यातच, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. तेथील जलाशय म्हणजे पक्षी अभयारण्य. २०२० साली रामसर यादीत गेलेले ते महाराष्ट्रातील पहिले पाणथळ स्थळ. समजा, तेथे पाण्यात दोन बाभळी उभ्या आहेत. त्यांच्यातील अंतर किती? टेप घेऊन जावे तर खाली गाळ आणि वर पक्ष्यांची घरटी. पण काठावर तर आपल्याला उभे राहता येते!

काठावरील सपाट जागी दोरी ताणून सरळ रेषा आखा. सुताराचा मोठा गुण्या रेषेला लावून सरकत जा. डावीकडची बाभूळ 'प' बरोबर काटकोनात दिसेल तेथे 'अ' ही खुंटी ठोका. उजवीकडची बाभूळ 'फ' तशीच दिसेल तेथे 'ब' ही खुंटी. अब हा आपला पाया. टेपने मोजायचे ते एवढेच. तो १०० मीटर भरला असे धरू.

आता कोनमापकाने ब पाशी अबप हा कोन मोजा. समजा, तो ६०° आला. अबप हा त्रिकोण काटकोनी आहे. म्हणून अप = १०० × टॅन ६०° = १७३.२ मीटर. अ पाशी बअफ हा कोन ४५° आला, तर बफ = १०० मीटर. अप व बफ समांतर आहेत आणि त्यांच्या लांबीतील फरक ७३.२ मीटर. पायथागोरसच्या सिद्धांताने पफ = √(१००² + ७३.२²), म्हणजे सुमारे १२४ मीटर. पाय ओले न करता!

मात्र ६०° ऐवजी चुकून ६१° वाचले, तर अप १८०.४ मीटर येईल. चूक सात मीटरांची. बाभळी जवळजवळ एकामागे एक असल्या आणि पाया १० मीटरच भरला, तर? मग ब पाशी कोन ८६.७° येईल, आणि तेथे एकच अंश जास्त वाचला की १७३ चे २४८ मीटर होतील! अशा वेळी त्याच रेषेवर अ पासून १०० मीटरांवर तिसरी खुंटी ठोकून तेथून कोन मोजावेत.

विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरांचा पाया मोजण्यात ५७ दिवस घालवले, ते याच धास्तीने. त्याचे कोन मोजण्याचे यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्धा टन वजनाचे होते. त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत असताना १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला.

शिक्षकांनी हा प्रयोग आधी शाळेच्या मैदानावर दोन झाडे घेऊन करवावा. तेथे उत्तर टेपने पडताळता येते.