सौदा लातूरचा, नियम मुंबईचा

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा भाव विचारला, तर एका आकड्यात उत्तर मिळत नाही. पोटलीतला, म्हणजे नमुन्याचा, भाव वेगळा निघतो, सौद्यातला वेगळा, आणि प्लांटचा, म्हणजे तेल काढणाऱ्या कारखान्याचा, त्याहून वेगळा. डिसेंबर २०२१पर्यंत या तिघांच्या जोडीला चौथाही भाव होता. तो बाजार समितीच्या आवारात ठरत नसे, आडत्याच्या मोबाइलवर दिसे. तो वायद्याचा भाव.

वायदा म्हणजे आज भाव ठरवायचा आणि माल पुढच्या एखाद्या महिन्यात द्यायचा. एनसीडीईएक्स या वायदेबाजारात १५ डिसेंबर २००३पासून असे सौदे संगणकावर होऊ लागले. सोयाबीनसाठी मुख्य केंद्र इंदूर. पण लातूर, उदगीर, नांदेडचे खरेदीदार सकाळी आधी तिथला आकडा बघत आणि मग बोली लावत. शेतकरी स्वतः वायद्यात फारसा उतरत नसे. एकेक सौदा टनांतला, त्यासाठी आगाऊ रक्कम भरायची, भाव हलला की आणखी भरायची. वीस-पंचवीस पोत्यांच्या धन्याला ते कसं झेपावं? पण दसऱ्याला माल विकावा की संक्रांतीपर्यंत घरात ठेवावा, हे ठरवताना जानेवारीचा भाव आज किती दिसतोय, एवढं त्याला फुकटात कळत होतं.

तरीही ‘वायदा’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना सट्टाच आठवतो. ते अगदीच बिनबुडाचं नाही. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावांवर आकडे लावण्याच्या नादातूनच पुढे मटका जन्मला. १९५२ साली वायद्यांसाठी वेगळा कायदा झाला आणि वर्षभरात त्यांच्यावर नजर ठेवायला वायदे बाजार आयोग आला. शेअर बाजारावर त्या वेळी असा स्वतंत्र पहारेकरी नव्हता. शेअर बाजारावर नजर ठेवणारी सेबी स्थापन झाली १२ एप्रिल १९८८ रोजी, तीही कायद्याच्या आधाराविना. दोन-अडीच महिन्यांत देशाचं अर्थखातं नांदेडच्या शंकरराव चव्हाणांकडे आलं. सेबीचा कायदा संसदेत मंजूर झाला १९९२ साली, तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी होते लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. एप्रिलच्या सुरुवातीला कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि त्याच महिन्यात हर्षद मेहताचं शेअर घोटाळ्याचं प्रकरण फुटलं. दात नुकते फुटत होते, तोच लोखंडाचे चणे समोर आले. त्या घोटाळ्याच्या चौकशीसाठी संयुक्त संसदीय समिती नेमली गेली तीही याच लोकसभेत. दलाल स्ट्रीटच्या कारभाराला चाप लावणारा काळ असा मराठवाड्याच्या माणसांच्या आसपास घडला, पण इथल्या मोंढ्याशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता.

तो संबंध जोडला आणखी एका घोटाळ्याने. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज, म्हणजे एनएसईएल, हा नावापुरता हजर मालाचा बाजार. तिथे गुंतवणूकदाराने आज माल घ्यायचा आणि त्याच क्षणी पंचवीस दिवसांनंतरच्या तारखेला विकून टाकायचा. मधल्या फरकाला नाव नफ्याचं, काम व्याजाचं. गोदामात माल आहे, असं पावती सांगत होती. ३१ जुलै २०१३ रोजी व्यवहार थांबले आणि पैसे मागायची वेळ आली, तेव्हा पावत्यांइतका माल गोदामांत नव्हता. सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे सुमारे ५६०० कोटी रुपये अडकले. असा बाजार नेमका कुणाच्या अखत्यारीत, यावरच वाद. वायदे बाजार आयोगाकडे धाडी घालण्याचे, कठोर दंड करण्याचे अधिकार सेबीसारखे नव्हतेच. सरकारने त्याच वर्षी आयोग ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडून अर्थ मंत्रालयाकडे नेला. २०१५च्या अर्थसंकल्पात विलीनीकरण जाहीर झालं आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी वायदे बाजार आयोग सेबीत विरून गेला. १९५२चा कायदा रद्द झाला. त्या दिवसापासून औशाच्या रानातल्या सोयाबीनचा वायदा कायद्याच्या लेखी शेअरच्याच पंगतीला बसला.

ही सुधारणा चांगलीच होती, असं माझं मत आहे. गोदामांचे नियम कडक झाले, तपासणी वाढली. ठिणगी पडली ती पुढे, आणि तिचं कारण घोटाळा नव्हतं.

२०२१च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं. कोंबडीखाद्याचा खर्च वाढला म्हणून ओरड झाली. केंद्राने जनुकबदल सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल येईतो भाव निम्म्याकडे सरकले. शेतकऱ्यांनी माल रोखून धरला, भाव पुन्हा सावरू लागले. आणि २० डिसेंबरला सेबीने आदेश काढला: भात, गहू, हरभरा, मोहरी, सोयाबीन, कच्चं पामतेल आणि मूग यांच्या वायद्यात वर्षभर नवा सौदा नाही, जुने फक्त मिटवायचे. वर्ष संपलं तरी बंदी संपली नाही. मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत २०२५मधल्या आदेशाने ती ३१ मार्च २०२६पर्यंत पोचली.

बंदीने भाव पडले, असं सभांतून सांगितलं जातं. पण मार्च २०२२मध्ये, युक्रेनचं युद्ध पेटल्यावर, बंदी असतानाच सोयाबीन सात हजारांच्या वर गेलं होतं. पुढे ते उतरलं ते जगभरचं उत्पादन आणि स्वस्त तेलाची आयात यांमुळे. २०२४-२५साठी हमीभाव ४८९२ रुपये, आणि लातूरच्या बाजारात शेतकरी चार-सव्वाचार हजारांत माल घालत होता. म्हणजे वायदा बंद केल्याने महागाई आटोक्यात आली नाही, आणि चालू असता तर शेतकरी तरला असता, असंही नाही. २००७मध्ये तूर-उडदाचे वायदे बंद झाले, तेव्हा अभिजित सेन समितीने हाच प्रश्न तपासला होता. वायद्यांमुळेच भाव वाढतात असा ठाम पुरावा तिला मिळाला नाही. अहवाल २००८चा आहे. तो सरकारी कपाटातच असेल.

नांदेडला गेलं की गंमत दिसते. नांदेड, वसमत, हिंगोली हा हळदीचा पट्टा. हळदीचा वायदा त्याच एनसीडीईएक्सवर, त्याच सेबीच्या नजरेखाली सुरू राहिला. त्यात चढउतार सोयाबीनपेक्षा कमी होते असं कुणी म्हणणार नाही. फरक एवढाच, की हळद महागली म्हणून शहरातल्या घराचं बजेट कोलमडत नाही आणि मंत्रिमंडळाची बैठक बसत नाही. सेबीचं मूळ काम गुंतवणूकदाराचं रक्षण. पण शेतमालाच्या बाबतीत तिच्या हातात महागाईचा झाडूही दिला गेला आहे. वायदा बंद करणं हा त्यातला सर्वांत सोपा फटका: एक पत्रक काढलं की काम झालं. तेलबियांत देश स्वयंपूर्ण करणं हे मात्र पत्रकाचं काम नव्हे. आजही आपण लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो.

चौथा भाव गेला, पण तो बघण्याची गरज गेली नाही. आता लातूरचा व्यापारी शिकागोचा वायदा बघतो. तो भाव सेंटमध्ये असतो आणि बुशेलचा, म्हणजे सुमारे सव्वासत्तावीस किलोंचा. त्याला डॉलरच्या दराने गुणा, वाहतूक, आयात शुल्क धरा, आणि तिथलं बहुतांश पीक जनुकबदल असतं हेही विसरू नका. एवढं गणित मांडून पुढच्या महिन्याचा अंदाज काढायचा. आडत्याला ते जमतं. वीस पोती घेऊन आलेल्या माणसाला आडत्या सांगेल तोच अंदाज.