कांडी-कोळसा : वापर, हाताळणी व वाहतूक

नागपूरच्या धरमपेठेत पावसाळ्यात मक्याची कणसे भाजणाऱ्या व एरवी कपड्यांस इस्त्री करून देणाऱ्या हातगाड्या दृष्टीस पडतात. त्यांच्या शेगडीत किंवा इस्त्रीच्या पोटात जळणारा कोळसा पूर्वी केवळ लाकडाचा असे. आता भुकटीपासून घडविलेला कांडी-कोळसाही बाजारात मिळतो आणि तो गोण्यांतून खेड्यापर्यंत येऊन पोहोचतो. थंडीच्या दिवसांत त्याचा उपयोग स्वयंपाकाइतकाच ऊब घेण्यासाठीही होतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे शेगडीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. परंतु याच शेगडीविषयी काही चुकीच्या समजुती रूढ आहेत. त्या दूर करणे गावातील शिक्षकास सहज शक्य आहे.

लाकूड किंवा काडीकचरा पुरेशी हवा न देता तापविला असता त्यातील पाणी व धुराचे घटक निघून जातात व मुख्यतः कार्बन शिल्लक राहतो. हाच लोणारी कोळसा होय. जाड लाकडाचे खडे मिळतात, पण उसाच्या पाचटासारख्या हलक्या पदार्थाची नुसती भुकटी होते. भुकटीच्या थरातून हवा खेळत नाही, म्हणून ती चुलीत नीट जळत नाही. तीत पिठाची खळ, शेणकाला किंवा चिकणमाती मिसळून, दाबून कांड्या पाडल्या व उन्हात खडखडीत वाळविल्या म्हणजे अडचण दूर होते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटापासून असा कोळसा करण्याची रीत बसविली व त्या कामास २००२ मध्ये इंग्लंडमधील ॲश्डेन पारितोषिक मिळाले. विदर्भात पाचट थोडे, परंतु पऱ्हाटी व तुराटी यांची वाण नाही.

येथे एक भेद सांगणे जरूर आहे. नागपूरच्या दहनघाटांवर लाकडाऐवजी वापरले जाणारे ‘मोक्षकाष्ठ’ हेही शेतकचऱ्याचेच असते, परंतु तो कोळसा नव्हे. कचरा न जाळता केवळ दाबून केलेल्या त्या कांड्या होत. त्या पेटल्या की धूर देतात. कोळशाची कांडी एकदा फुलली म्हणजे धूर देत नाही आणि खरा धोका नेमका येथेच आहे.

धूर नाही म्हणजे अपाय नाही, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. कोळसा जळताना हवा भरपूर असेल तर कर्बद्विप्राणिद वायू होतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अधिक प्रमाणात निर्माण होतो. फुललेल्या निखाऱ्यांवर जी फिकट निळी ज्योत नाचताना दिसते, ती याच वायूच्या जळण्याची होय. त्यास रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. रक्तातील तांबड्या द्रव्याशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे जखडला जातो व शरीरास प्राणवायू मिळेनासा होतो. प्रथम डोके दुखते, मग गरगरते, मळमळते, हातापायांतील बळ जाते. झोपलेल्या माणसास तर यांपैकी काहीच कळत नाही. खोलीत पाण्याचे भांडे ठेवले म्हणजे वायू त्यात उतरतो, असा समज कोठे कोठे आढळतो. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे त्या भांड्याचा काही उपयोग नाही.

बाळंतिणीच्या खोलीचा विचार या दृष्टीने अवश्य केला पाहिजे. बाजेखाली शेगडी, तीवर ओवा-शेपांची धुरी आणि वारा लागू नये म्हणून दारेखिडक्या बंद, अशी चाल अनेक घरांत अद्याप आहे. आईला शेक मिळावा हा हेतू चांगला. परंतु बंद खोलीत त्या शेगडीवर आई आणि बाळ दोघेही रात्रभर तोच वायू घेत असतात, व तान्ह्या बाळास तो लवकर बाधतो. मोठ्या माणसांच्या रूढीस एकदम नावे ठेवून कोणी ऐकत नाही. शेगडी अंगणात फुलवून तिच्यावर वीट किंवा वाळूची पुरचुंडी गरम करावी, ती कापडात गुंडाळून, हाताला सोसते हे पाहून शेकास द्यावी व शेगडी बाहेरच ठेवावी, असा पर्याय पालकसभेत मांडल्यास आजीबाईही तो मानतात. शेगडी घरात आणणे भागच असेल तर समोरासमोरची दार व खिडकी उघडी असावी, आणि निजण्यापूर्वी ती बाहेर काढावी. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या शिक्षकांसही हाच नियम लागू आहे.

कोणी गुंगीत आढळल्यास आधी दारे उघडावीत, त्या माणसास मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्यास प्राणवायू देण्याची गरज असते. कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये.

साठवण व वाहतूक यांतील धोका निराळ्या जातीचा आहे. कोळसा सच्छिद्र असतो. कोरडा खडा पाण्यात बुडविला असता बुडबुडे निघतात, हे मुलांस वर्गात दाखविता येईल. ताजा कोळसा या छिद्रांत हवेतील प्राणवायू ओढून घेतो व त्या क्रियेत उष्णता निघते. लहान ढिगातून ती निघून जाते, मोठ्या ढिगाच्या पोटात कोंडते. ओल्या कडब्याची गंजी आतून तापते हे शेतकऱ्यास ठाऊक असते. कारण वेगळे, पण उष्णता कोंडण्याचा प्रकार तोच. २०१५ ते २०२२ या काळात कोळशाच्या मालामुळे जहाजांवर किमान ६८ आगी लागल्याची नोंद आहे. म्हणून सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत १ जानेवारी २०२६ पासून कोळसा धोक्याचा माल म्हणूनच पाठविणे सक्तीचे झाले. भरण्यापूर्वी तो १४ दिवस हवेत ठेवावा व भरताना त्याचे तापमान ४० अंशांहून अधिक नसावे, असे त्यात सांगितले आहे.

खेड्यातील बैलगाडी किंवा टेंपो जहाजाएवढा नसला तरी भट्टीतून काढलेला माल त्याच दिवशी गोण्यांत भरू नये, हे तत्त्व येथेही खरे. गोण्यांची थप्पी फार उंच रचू नये, मधून हवेस वाट ठेवावी, वर ताडपत्री घालावी. खळीच्या व मातीच्या कांड्या भिजल्या की विरघळतात. पेट्रोल, तेलकट चिंध्या किंवा खताची पोती त्याच गाडीत नसावीत. गोण्यांवर बसून विडी ओढणाऱ्यास खाली उतरवावे. शाळेत कोळसा ठेवावयाचा तर वर्गाबाहेर, पोषण आहाराच्या तांदळापासून दूर. एखादी गोणी धुमसू लागली तर ती जागेवर फोडून पाहू नये. हवा मिळताच ज्वाळा उठतात. ती जपून मोकळ्या मैदानात ओढावी व तिच्यावर भरपूर पाणी ओतावे.

शेगडीतील निखारे मात्र पाण्याने विझवू नयेत. वाफ व तापलेली राख अंगावर उडते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ते कोंडावेत. राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो, यास्तव ती राख पूर्ण निवाल्यावरच शाळेच्या बागेत टाकावी.